न रडणारी लेकरं

चंद्रपूर-गडचिरोलीकडचं माणूस भेटलं की बाहेरचे लोक एक तर वाघाचं विचारतात, नाहीतर बंदुकीचं. मी दोन्ही पाहिले आहेत, पण मला लिहायचं आहे गळ्यातल्या एका ग्रंथीबद्दल. संपादकांनी कपाळावर हात मारला असेल तर मारू दे. जन्मभर नर्सबाई म्हणून गावोगाव फिरले, लोकांनी अंगावर कुत्रे सोडले तरी गेले, आता कुणाच्या कपाळाला घाबरते होय!

माझे अब्बा मनियार होते. राजुऱ्यात आमचं बांगड्यांचं लहानसं दुकान होतं, पण खरी विक्री आठवडी बाजारात व्हायची. बांगड्यांच्या जोडीला ते काळ्या मण्यांच्या पोतीही विकायचे. जंगलाकडच्या काही गावांच्या बाजाराला निघायचे असले की अम्मीला सांगायचे, "उधर की पोत जरा लंबी रखना." मला वाटायचं, त्या गावच्या बायका चांगल्या खात्यापित्या घरच्या असतील. नर्स होऊन त्याच भागात नोकरीला गेले तेव्हा कळलं, त्यांचे गळे सुजलेले होते. कुणाचा लिंबाएवढा, कुणाचा कवठाएवढा. ती सूज म्हणजे गलगंड. गावात इतक्या जणींना होता की कुणाला त्याचं काही वाटतच नसे. "आमच्या पाण्याचा गुण हाये बाई," असं म्हणून मोकळ्या व्हायच्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घास गिळताना गळ्यात जो कंठमणी वर-खाली होतो, त्याच्या जरा खाली थायरॉईड ग्रंथी असते. तिचा रस रक्तात मिसळतो आणि अंगातली कामं किती वेगानं चालायची ते ठरवतो. रस कमी पडला की माणूस मंदावतो. सुस्ती येते, थंडी वाजते, अंग फुगतं, केस गळतात, पाळीचा घोळ होतो. जास्त झाला की छाती धडधडते, हात थरथरतात, भरपूर खाऊनही माणूस वाळत जातो. हा रस बनवायला आयोडीन लागतं आणि ते आपल्याला मिठातून मिळतं. एवढं समजलं की माझी निम्मी नोकरी समजली.

मीठ तपासायला आमच्याकडे एक छोटी बाटली असायची. चिमूटभर मिठावर तिच्यातला थेंब टाकायचा, आयोडीन असलं की मीठ जांभळं होतं. एका गावात घरोघर थेंब टाकत फिरले आणि मीठ काही रंग घेईना. शेवटी एका घरी पाहिलं, बाई खड्याचं मीठ सुपात घेऊन पाण्यानं चक्क धूत होती! मी म्हटलं, "अगं, हे काय करून राह्यली?" ती म्हणाली, "काळं राह्यते न बाई, मातीचं असते." सगळं गाव मीठ धुवायचं आणि त्यातलं आयोडीन मोरीतून वाहून जायचं. मी ओरडले, तर ती थंडपणे म्हणाली, "तुमी तांदूळ धुता का नाई? मंग मिठानं काय पाप केलं?" पण पुढच्या महिन्यात तिच्याच घरी पुडीतलं बारीक मीठ दिसलं.

काही वर्षं मी मोहर्लीच्या बाजूला होते. तिथे जंगलसफारीच्या जिप्सीवर एक तरणाबांड ड्रायव्हर होता. त्याचे हात थरथरायला लागले, डोळे बाहेर आल्यासारखे दिसू लागले, अंगावरचा शर्ट लोंबायला लागला. पर्यटक म्हणायचे ड्रायव्हर वाघाला भितो, मालक म्हणायचा हा पिऊन येतो. त्यानं थेंबालासुद्धा कधी हात लावला नव्हता. नोकरी गेली, बायको माहेरी निघून गेली. लेकराला ताप आला म्हणून तो आरोग्य केंद्रावर आला होता. मी सहज त्याची नाडी धरली तर ती घोड्यासारखी पळत होती. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, थायरॉईड वाढलेलं निघालं. औषधानं माणूस ताळ्यावर आला, बायकोही परत आली. डोळे मात्र थोडे मोठे राहिले ते राहिलेच. मला म्हणायचा, "बाई, आता वाघच मले पाहून भेते."

असं हसण्यासारखं आमच्या धंद्यात फार नसतं. वनिताची गोष्ट तशी नाही. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली, पण बसल्या बसल्या आठवते ती तीच.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझी बदली गडचिरोलीच्या पलीकडच्या एका उपकेंद्रात झाली होती. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक खाट, लशींचा डबा आणि मी. तिथल्या एका धान पिकवणाऱ्या गावात लसीकरणाचा दिवस होता. मोहफुलांचा हंगाम नुकताच उरकला होता. वनिता तिची दीड महिन्याची मुलगी घेऊन आली. सोबत तिची सासू पार्बताबाई होती आणि सासूचा हात धरून थोरली नात, पायल.

दीड महिन्याच्या बाळाच्या मांडीत सुई टोचली की ते असं रडतं की अंगणातल्या कोंबड्या पळतात. ही पोर रडली नाही. तोंड उघडलं, घशातून घोगरा, घरघर असा आवाज आला, आणि परत डोळे मिटून घेतले. बसलेल्या बायका कौतुकानं म्हणाल्या, "माय वो, कसं गुणाचं लेकरू!" पार्बताबाईची मान ताठ झाली. "घरी बी असंच राह्यते. रडणं नाई का पडणं नाई. उठवून पाजा लागते."

मी मात्र लेकरू मांडीवर घेतलं. तोंडातून जीभ थोडी बाहेर, जाड. बेंबी वर आलेली. अंग कोरडं, चेहरा सुजट. जन्मापासून कावीळ नीट उतरलेलीच नव्हती. विचारलं तर शौचाला चार-चार दिवस होत नाही म्हणाल्या. मी मान वर केली आणि पहिल्यांदा पायलकडे नीट पाहिलं.

पायल अकरा वर्षांची होती, पण उंची पाच वर्षांच्या पोरीएवढी. चेहरा तसाच सुजट, जीभ तशीच ओठांवर. बोलायची नाही. हाक मारली की बऱ्याच वेळानं मान वळवायची आणि हसायची. गावात तिला कुणी त्रास देत नसे, "देवाची गाय हाये" म्हणायचे. माझ्या लक्षात सगळं आलं. तोंडातून एवढंच निघालं, "वनिता, उद्या मोठ्या दवाखान्यात जायचं. मी येते सोबत."

घरातून विरोध झालाच. "काय झालं तिले? ताप नाई, खोकला नाई," असं पार्बताबाई म्हणाली. वनिताचा नवरा दिवाकर भला माणूस. तो म्हणाला, "बाई म्हणते तं नेऊन पाहू." सकाळच्या लाल डब्यानं आम्ही गडचिरोलीला गेलो. लेकरांच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, घरी असलेली थोरली कशी आहे ते विचारलं, रक्त घेतलं. रिपोर्ट आला तो मला वाटलं होतं तोच. जन्मतःच थायरॉईडचा रस बनत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी वनिताला समजावलं. बाळाचा मेंदू पहिल्या दोन-तीन वर्षांत वाढतो आणि त्याला या रसाशिवाय वाढता येत नाही. रोज सकाळी एक छोटी गोळी, चमच्यात आईच्या दुधात विरघळवून. थोडा उशीर झाला आहे, पण फार नाही. एकही दिवस चुकवायची नाही, नाहीतर ही पोरगी कधी बोलणार नाही, शिकणार नाही. वनिता मान हलवत होती. डॉक्टरीणबाईंनी मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मोठीलाही हेच आहे ना?" मी हो म्हटलं. "मोठीला नंतर बोलावू," त्या म्हणाल्या. "आत्ता आईला सांगू नका. आधी धाकटीचं सुरळीत होऊ दे."

मलाही तेच बरं वाटलं. ज्या दिवशी आईला कळतं की एक लेकरू आजारी आहे, त्याच दिवशी तिला दुसऱ्याचंही सांगायचं, एवढं माझं काळीज दगडाचं नाही.

गोळीनं काम केलं. सुरुवातीला मी आठवड्यातून एकदा जात होते. जीभ आत गेली, डोळे उघडे राहू लागले, हात-पाय हलवू लागली. मी गावात पाऊल ठेवलं की त्या घरातून रडण्याचा आवाज यायचा, खणखणीत. मला इतका आनंद व्हायचा, काय सांगू! आपल्याकडे म्हणतात, रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही. ही पोर आता मागून दूध पीत होती. तिचं नाव अजून ठेवायचं होतं, सगळे छकुलीच म्हणायचे.

मग पावसानं जोर धरला आणि रोवणी सुरू झाली. धानाची रोपं चिखलात रोवायचं हे काम आमच्याकडे बायकांच्या टोळ्या करतात. एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, सगळ्या एका ओळीत वाकून उभ्या राहतात आणि मागे मागे सरकत रोवत जातात. ओळीतली एक बाई थांबली की तिची पात, तिच्या वाट्याची जागा, कोरी राहते आणि शेजारणीला तिचं रोवावं लागतं. म्हणून तान्ह्या लेकराची आई टोळीला नकोशी असते. लेकरू बांधावरच्या, आमच्या भाषेत धुऱ्यावरच्या, झाडाला झोळीत टांगलेलं असतं, रडलं की आई चिखलातून निघते, हात धुते, पाजते, परत येते. तोवर ओळ कितीतरी मागे सरकलेली असते. न रडणारं लेकरू ज्या बाईला मिळालं तिच्यावर टोळीतल्या सगळ्या खूश. हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही, पण आमच्याकडच्या बायकांना शांत लेकराची किंमत कळते ती चिखलात उभं राहून.

पूर आला, नाल्यावरचा बुटका पूल, रपटा, पाण्याखाली गेला. मला कितीतरी दिवस त्या गावाला जाता आलं नाही. पाणी उतरल्यावर पोळ्याच्या आधी लसीकरणाला गेले. या खेपेला लशी त्यांच्याच ओसरीवर द्यायच्या होत्या. वनिता बाहेर आली, छकुली तिच्या खांद्यावर. मी सुई टोचली.

तोच घोगरा आवाज. परत डोळे मिटले.

"वनिता, गोळी देऊन राह्यली का नाई?"

वनितानं मान खाली घातली. तिच्याऐवजी सासू बोलली, आणि अगदी आनंदानं बोलली. "बंद केली बाई. त्या गोळीनं लेकरू बिघडलं होतं. दिवसभर किरकिर, रातभर किरकिर. टोळीतल्या बाया बोलत होत्या, इले उद्या आनू नोको. बंद केली अन् पाहा, आठ-पंधरा दिवसात पहिल्यावानी गुणाचं झालं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. "अवो, डोकं ठिकाणावर हाये का तुमचं? दवाखान्यात एवढं सांगतलं ते वाऱ्यावर सोडलं?" असं बरंच बोलले. पार्बताबाईही काही कमी नव्हती. "आमी काय लेकराचे वैरी हावो? आमच्या घरी लेकरं पह्यल्यानंच झाले का? रडते ते दुखते म्हणून रडते, नाई रडत ते सुखात हाये. एवढं तं ढोराले बी समजते!"

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. तिला खरंच वाटत होतं की नात सुखात आहे. मी ओरडून काही उपयोग नव्हता. मी निघून गेले असते तर त्यांनी चार दिवस गोळी दिली असती, पाचव्या दिवशी लेकरू रडलं असतं आणि गोळ्यांची बाटली परत फडताळात गेली असती. छकुलीचा मेंदू वाढायचे दिवस असेच सरले असते. आणि ते दिवस परत येत नाहीत. हंगाम बुडाला तर पुढच्या वर्षी पेरता येतं, इथे ते नाही.

पायल दाराशी बसली होती. पायाची बोटं चिखलात खुपसून स्वतःशीच हसत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं, हे आता सांगावंच लागणार. एका लेकराला वाचवायचं तर दुसऱ्याचं आईला कळायलाच हवं होतं. मला तो दिवस नको झाला होता, खरं सांगते.

मी पार्बताबाईला म्हटलं, "मावशी, जरा चहा ठेवता का? लशी देऊन देऊन घसा बसला." ती पुटपुटत आत गेली. मी वनिताजवळ बसले.

"वनिता, एक विचारते. पायल लहान होती तवा रडत होती का?"

"नाई बाई," वनिता लगेच म्हणाली. जरा हसलीसुद्धा. "तिचा तं काईच तरास नाई झाला मले. झोळीत टाकली का दिवसभर पडून राहे. टोळीतल्या बाया म्हणत, लेकरू असावं तं असं. लय गुणाची..."

तिथे ती थांबली. तिनं मांडीवरच्या छकुलीकडे पाहिलं, मग दाराशी बसलेल्या पायलकडे, मग परत छकुलीकडे. छकुलीची जीभ ओठांवर आली होती. वनितानं बोटानं ती हळूच आत ढकलली. ती परत बाहेर आली.

"हिले बी तेच होतं?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"तं मंग हिले काऊन नाई देल्ली गोळी?"

पायलच्या जन्माच्या वेळी मी त्या गावात नव्हते. रक्त तपासायची सोय जवळपास नव्हती, ओळखणारं कुणी नव्हतं, पुढारलेल्या देशांत जन्मल्याबरोबर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन बघतात तसं आपल्याकडे खेड्यापाड्यांत अजूनही सगळीकडे होत नाही. हे सगळं खरं होतं आणि त्यातलं एक अक्षर मी बोलले नाही. ज्या आईनं हा प्रश्न विचारला तिला कारणं नको होती. एवढंच म्हटलं, "कुणाले समजलंच नाई गं."

वनिता रडली नाही. मीच रडले. नर्सबाईनं पेशंटसमोर रडू नये असं आम्हाला शिकवलेलं असतं, पण शिकवणाऱ्यांनी काय काय पाहिलं होतं कोण जाणे. पार्बताबाई चहा घेऊन आली आणि आम्हाला पाहून कपबशी तशीच हातात धरून उभी राहिली. वनिता तिला म्हणाली, "आत्याबाई, फडताळातली बाटली आना." सासूनं कपबशी खाली ठेवली आणि बाटली आणून दिली.

त्यानंतर वनितानं एक दिवस चुकवला नाही. छकुली परत रडायला लागली, आणि काय रडायची! निंदणाच्या, म्हणजे तण काढायच्या, दिवसांत मी एकदा त्यांच्या बांधीवरून गेले. धुऱ्यावर पार्बताबाई छत्री धरून बसली होती, मांडीवर छकुली, आणि ओळीतल्या बाया ओरडत होत्या, "वनिता, तुहं इंजन चालू झालं वो! जा, तेल टाकून ये!" वनिता चिखलाच्या हातानं निघाली, तर शेजारची म्हणाली, "जा जा, तुही पात आमी पाहातो." आधी याच बाया कुरकुरत होत्या. गोष्ट सगळ्या गावाला कळली होती. पार्बताबाईनं मला हाक मारली. "बाई, पाहा, कशी बोंबलते रांड!" असं म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पायललाही आम्ही गडचिरोलीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिलाही गोळी सुरू केली, आणि वनिताला स्पष्ट सांगितलं, खोटी आशा लावली नाही. डोक्याचं जे राहून गेलं ते आता येणार नाही. अंगाला मात्र आराम पडेल, पोट साफ होईल, सूज उतरेल, थोडी उंची वाढेल. वनितानं विचारलं, "बोलन का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेक नाही." वनितानं बाटली पदरात बांधली आणि "बरं," म्हणाली. परतीच्या बसमध्ये ती रस्ताभर पायलच्या केसांवरून हात फिरवत होती.

छकुली आज अंगणवाडीत जाते. इतरांपेक्षा थोडी हळू आहे, अक्षरं गिरवताना जीभ दाताखाली धरते, पण बोलते. इतकं बोलते की अंगणवाडीची ताई वैतागते. मला भेटली की "बाई, काऊन आल्या?" असं विचारते. एवढं माझ्या नोकरीत जमलं म्हणून मी कुणासमोर छाती पुढे करू शकते. पण करत नाही, त्याचं कारण पायल आहे.

तिची गोळी सुरू झाल्यानंतर पहिला हिवाळा आला तेव्हाची गोष्ट. वनिता दोघींना घेऊन उपकेंद्रावर गोळ्या न्यायला आली होती. पायलचा चेहरा उतरला होता, म्हणजे सूज गेली होती. पहिल्यांदाच ती आईसारखी दिसत होती. अंगात साधा फ्रॉक होता. मी म्हटलं, "वनिता, एवढ्या गारठ्यात पोरीला स्वेटर तरी घाल."

वनिता म्हणाली, "नाई घालू देत बाई. काढून फेकते." मग पायलचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेऊन ती खाटेच्या कडेवर बसली.

"पह्यले ही चुलीपासून हालतच नव्हती," ती म्हणाली. "उनाळ्यात बी चुलीपाशी जाऊन बसे. मले राग येत होता. वाटे, खायले मागून राह्यली, हावरट झाली. मी हात धरून बाहेर काढत होती बाई. मारलं बी किती बार. परत जाऊन तिथीच बसे." तिनं पायलचा हात गालाला लावला. "आता हिचे हात गरम राह्यते. आता नाई बसत चुलीपाशी. इतके वर्स माह्या लेकीले थंडी वाजून राह्यली होती, बाई, अन् तिले सांगता नाई येत होतं."